बंब वळायला जागा

शैले, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत माझ्यासारखा मांडव घालणारा दुसरा माणूस नाय. तुझ्या पुण्यानुमोदनाला घातलेला मांडव मात्र वंदना सुरू व्हायच्या आधीच डाव्या बाजूनं बसला.

बसला म्हणजे पूर्ण नाय बसला. कोपऱ्यातला एक बांबू सटकला, कापड खाली आलं आणि बरोबर आमच्या वसंतदादाच्या डोक्यावर येऊन थांबलं. दादानं दोन्ही हात वर करून बांबू धरला आणि तसाच उभा राहिला, दहीहंडी फोडायला निघालेल्या माणसासारखा. पांढरी साडी नेसून पुढं बसलेली तुझी आई, आपली आक्का, वर बघून बोलली, "दिलप्या, आज तरी धड बांधायचा व्हतास."

तुझा फोटो मात्र मी एकदम सरळ लावला होता हां. त्यात तू माझ्याकडेच बघत होतीस, एक भुवई वर करून. त्याच भुवईकडे बघत मी ती गाठ मारली असणार. म्हणजे चूक तुझी आहे, हे आधी लिहून ठेवतो.

तू किती शिकलीस, कुठल्या पोस्टवर होतीस, ते सगळं भाषण करणाऱ्यांनी सांगितलं. मला त्यातलं अर्धं कळलं नाय. माझं शिक्षण चौथी. चौथी दोनदा केली म्हणून मी लोकांना पाचवी सांगतो. आपल्या चाळीत तुमची खोली आणि आमची खोली यांच्यात एकच भिंत होती. त्या भिंतीला वर भोक होतं, त्यातून तू मला गणिताची उत्तरं सांगायचीस. तरी मी नापास झालो. कारण तू सांगितलेलं उत्तर मी दुसऱ्याच गणिताखाली लिहायचो.

पहिला मांडव मी तुमच्या जयंतीला घातला. निळे झेंडे लावले, लाइटिंग केली, छाती फुगवून उभा राहिलो. तू फ्रॉक घालून आलीस, मान तिरकी केलीस आणि बोललीस, "बांबू वाकडाय." शाब्बास नाय, काय नाय. पुढं तू इंजिनियर झालीस, म्युनिसिपालिटीत लागलीस, तेव्हा लोक बोलले शैलाला नोकरी मिळाली. मी बोललो, नोकरी तिला आधीपासूनच आहे, आता फक्त पगार मिळणार.

तू मला वायरला अर्थिंग करायला लावलंस. आधी समजावलंस, मग शिव्या दिल्यास, मग स्वतः येऊन उभी राहिलीस. तुझ्यामुळे माझ्या मांडवात आजवर कुणाला शॉक लागला नाय. मी सोडून. मी चेक करायला हात लावायचो.

हे सगळं तुला ठाऊक आहे. मला बोलायचंय ते मुलुंडच्या जागेबद्दल, कारण आपलं भांडण तिथंच अर्धवट राहिलंय. अर्धं भांडण सोडून जायची तुझी पद्धत नव्हती.

डोंगराच्या पायथ्याशी आमच्या बापांनी मिळून घेतलेली ती जमीन. नऊ जण, सगळे एका गावचे, एकाच गिरणीतले. गिरणी गेली, बाप गेले, जमीन राहिली. कागदावर नऊ घरांची नावं एकाखाली एक, रेशनच्या लायनीत उभी केल्यासारखी. माझा तुकडा हा, असं बोट दाखवून कुणाला सांगता येईना, आणि ते सांगता येत नाय तोवर कुणाला घर बांधता येईना. मग आम्ही ठरवलं. बिल्डरला द्यायचं नाय. मधून रस्ता काढायचा, दोन्ही बाजूला नऊ प्लॉट पाडायचे, ज्यानं त्यानं आपलं घर बांधायचं. म्युनिसिपालिटीनं मंजूर केलं की झालं. मला पुढारी केलं. का, तर माइक माझा होता.

सगळ्यात घाई वसंतदादाला. माझा चुलतभाऊ, नऊ घरांतला सगळ्यात मोठा. वाकोल्याला भाड्याच्या खोलीत राहतो आणि खोलीवाला दर वर्षी त्याला खोली खाली करायला सांगतो. मी त्याला विचारलं, दादा, बंगला केवढा बांधणार? दादा बोलला, "बंगलो नुको रे. माका माझ्या दारात खुर्ची टाकून बसाक व्हया. कोणी उठ म्हणता नये, येवढाच."

कुणाला कुठला प्लॉट, त्याच्या चिठ्ठ्या मी टाकल्या. मीच हलवल्या. नववा, शेवटचा, रस्ता संपतो तिथला, मलाच आला. मंदा, माझी बायको, बोलली, "दुसरं कोण असतं तर लोक बोलले असते चिटिंग केली. तुमच्यावर तेवढा पण संशय कोण घेत नाय."

आणि प्रस्ताव तपासायला आला कुणाच्या टेबलावर? तुझ्या. तू लगेच तुझ्या साहेबांना जाऊन सांगितलंस की अर्जातला पुढारी माझा लहानपणचा शेजारी आहे, दुसऱ्याला द्या. साहेब बोलले, "पाहणी तूच कर, त्याच्याशी भांडायला इथं दुसऱ्या कुणाला वेळ नाही. सही माझी असेल." मला वाटलं, चला, झकास, काम झालं. मी पेढ्यांची ऑर्डर पण दिली होती यार.

तू नकाशा उलगडलास, रस्त्याच्या टोकावर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "इथं रस्ता संपतो. पुढं डोंगर. आगीचा बंब आत आला तर वळणार कुठं?"

"वळायचं कशाला? रिव्हर्स जाईल."

"एवढं अंतर? घाईत? धुरात?"

"ड्रायव्हर चांगला पाहिजे."

"तू चांगला ड्रायव्हर आहेस ना? तू टेम्पो रिव्हर्स घेताना दोन कुंड्या आणि एक जावई उडवलायस."

जावई उडवला नव्हता. तो स्वतःहून बाजूला उडाला होता. पण तू ऐकतेस थोडीच. पेन घेऊन टोकाला एक गोल काढलास. बोललीस, एवढी जागा मोकळी सोडा, मग बाकीचं सगळं ठीक आहे. गटाराचा उतार बरोबर, मोकळं मैदान बरोबर, पावसाचं पाणी जायची वाट बरोबर. फक्त हा गोल. मी बघितलं तर तो गोल सगळाच्या सगळा माझ्या नवव्या प्लॉटच्या पोटात.

मी बोललो, कागदावर काय पण दिसतं. जागेवर ये, दाखवतो.

आणि दाखवलं की! मांडववाल्याला दुसरं काय येतं? मी अख्खी वसाहत बांबूवर उभी केली. नऊ प्लॉटना नऊ रंगांच्या कनाती. रस्त्यावर हिरवं कार्पेट. तोंडाशी कमान. घाईत कमानीवरची आदल्या लग्नाची नावं काढायची राहिली. तू आलीस, छत्री मिटलीस, वर वाचलंस आणि विचारलंस, "आहेर कुठं द्यायचा?"

बंब काय मला कोण देणार नव्हतं. म्हणून आपल्या मंडळाची मूर्ती आणतो तो बबनचा ट्रक मागवला. बबन आत आला एकदम राजासारखा. सरळ. माझ्या प्लॉटपर्यंत. मी तुझ्याकडे बघून मिशीवर हात फिरवला, मिशी नसताना. मग तू बबनला बोललीस, "आता बाहेर या."

त्यानंतर जे झालं ते मी आजपर्यंत कुणाला नीट सांगितलेलं नाय. पुढं, मागं. पुढं, मागं. मी मधे उभा राहून "आन दे, आन दे" ओरडत होतो. आधी माझी कनात गेली. मग आठव्याची. मग एक बांबू आडवा अडकला आणि त्याच्यासोबत सातव्याचं पण घर निघालं. शेवटी बबन बाहेर पडला तेव्हा ट्रकवर माझा गुलाबी हॉल होता आणि मागं ओढत आलेलं कार्पेट. तू त्या कार्पेटच्या उरलेल्या तुकड्यावर खाली बसून हसत होतीस. हसून हसून डोळे पुसलेस आणि बोललीस, "दिल्या, बंब आत तर आला. आता त्याला जन्मभर इथंच ठेवायचा का?"

मी हार मानली नाय. मी बोललो रस्ताच कमी पडला. तू पर्समधून टेप काढलास, मोजलंस. रस्ता खरंच कागदापेक्षा अरुंद निघाला! मी उडी मारली. तू विचारलंस, मोजलास कशानं? आता मी मोजणार कशानं? एक कनात म्हणजे एवढे फूट, आमच्या धंद्यात टेप कोण वापरतो? तू कनातीला टेप लावलास. धुऊन धुऊन ती आकसली होती. म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना मोठा मांडव सांगून लहान घालत होतो, आणि ते मला पण माहीत नव्हतं.

मग माझं एकच पालुपद. कनातीमुळे झालं, नायतर ट्रक वळला असता. आणि तुझं एकच. कनात धू नायतर वाळव, वळायला जागा लागणारच. फोनवर, लग्नात, आक्काच्या दारात, भेटलो की तेच. तिथून पुढं तुझं म्हणणं, गोल सगळ्यांसाठी आहे, तर नवांनी थोडी थोडी जागा सोडा, सगळे प्लॉट जरा जरा बारीक करा. आमच्या मीटिंगला मी ते सांगितलं तर आठ घरं बोलली, चिठ्ठी तुला आली, नशीब तुझं, कोपरा तू दे. वसंतदादा सगळ्यात जास्त तापला. बोलला, "माझ्या दारातली खुर्ची रवता थय जागा. ती मी देवचंय नाय." मी बोललो, मग मी पण देत नाय. फाइल तिथंच अडकली. एकदोन घरं बिल्डरचं नाव काढायला लागली. वाट लागायची वेळ आली होती शैले, आणि पुढारी मी!

मग तू आजारी पडलीस. हॉस्पिटलातून तुझा फोन आला. मला वाटलं तब्येतीचं सांगशील. तू विचारलंस, "कोपऱ्याचं काय ठरलं?"

मी बोललो, "तू आधी बरी हो गं. मग भांडू."

"बरी झाल्यावर भांडायला वेळ कुठाय? फायली पडल्यात. आत्ता भांड. मी झोपूनच आहे."

मी हसलो आणि नंतर करतो बोललो. नंतर फोन आला तो आक्काचा.

तर आता त्या वाकड्या मांडवात परत ये. वंदना झाली. बोलणारे बोलले. जेवणाची पानं मांडली. वसंतदादा अजून बांबू धरून उभा. सोडला असता तर कापड सगळ्या वरणभातावर आलं असतं. मी दोरी आणायला धावलो तर दोरी टेम्पोत, टेम्पो कोणीतरी चहा आणायला नेलेला. म्हणून मी दादाशेजारी जाऊन उभा राहिलो, नुसताच, आधार म्हणून. आक्का ताट घेऊन दादाला भरवायला आली. म्हातारी एकेक घास त्याच्या तोंडात घालत सहज बोलली, "शैलीला बंबाचं लई व्हतं. गल्लीत कुनी सायकल आडवी लावली तरी भांडायची. त्या जळितापासनं."

आणि मला एकदम आठवलं यार.

चाळीच्या टोकाला स्टो भडकला होता. तुमच्या बाजूच्या खोल्या पेटल्या. बंब आला, खाली रस्त्यावर थांबला, कारण गल्ली अरुंद. पाइप ओढत ओढत आणला तर तो अर्ध्यात संपला. मग आपण सगळे बादल्या घेऊन लायनीत. मी एवढ्या जोशात बादली फेकली की आगीवर एक थेंब नाय, सगळी तुझ्या बाबांवर. ते बिचारे केव्हाचे बाहेर येऊन उभे होते. माणसं सगळी वाचली. तुझी पुस्तकं गेली. तू रडली नव्हतीस. तू पायरीवर उभी राहून खाली त्या लाल गाडीकडे बघत होतीस, जी आली होती आणि पोचली नव्हती.

शैले, एवढं भांडलीस माझ्याशी, एकदा पण हे का नाय काढलंस? एका वाक्यात जिंकली असतीस. "दिल्या, आपली चाळ आठव," बस. मी तिथल्या तिथं कोपरा दिला असता, वर नारळ दिला असता. मी बराच विचार केला. मला वाटतं तुला मला रडवून जागा घ्यायची नव्हती. तुला पाहिजे होतं की मला नकाशा कळावा. चौथीतल्या गणितासारखं. मेहनत तुझी, डोकं माझं, म्हणून वेळ लागला.

मी तिथंच दादाला बोललो, "दादा, मी कोपरा देतो. सगळा. जेवण झालं की सगळ्यांना माइकवर सांगतो."

दादाच्या तोंडात आक्काचा घास होता. तो गिळून बोलला, "माइकावर नुको."

"का?"

"तू एकट्यान दिलंस तर जल्मभर आमका आयकवशीत. प्रत्येक गणपतीक, प्रत्येक लग्नात. 'मी दिलंय, मी दिलंय.' आमका ता सोसूचा नाय. सगळेच देवया थोडा थोडा. तुझा तोंड तरी बंद ऱ्हवात."

मी बोललो, आणि तुझी खुर्ची? दादा वर बांबूकडे बघून बोलला, "खुर्ची काय, हलवूक येता. आता कोणाक तरी बोलव रे, माझे हात गेले." मग आमच्या घरांतले लोक एकेक करून आले, बांबू धरला, दुसरा जेवून आला की पहिला सुटला. दोरी आली तेव्हा पंगत उठली होती. नऊच्या नऊ घरांनी तिथंच हो म्हटलं. का म्हटलं मला नक्की सांगता येणार नाय. तुझा फोटो समोर होता. भुवई वर.

नवीन नकाशा गेला. तुझ्या जागी एक नवीन साहेब आलेत. तरुण आहेत, हळू बोलतात. मी त्यांना बोललो, जागेवर या, बांबूवर सगळं दाखवतो. ते बोलले, "त्याची गरज नाही, कागदावर गोल बरोबर बसतोय. पाहणीला मात्र मी येणारच आहे." मग मी सोडतो काय? परत नऊ कनाती लावल्या. ह्या वेळी तुझ्या टेपनं मोजून. हो, तो टेप त्या दिवशी माझ्या कार्पेटच्या घडीत राहिला होता. आक्काला परत करायला गेलो तर बोलली ठेव, तुलाच गरज हाय. कमानीवरची नावं पण काढली ह्या वेळी. मंदानं काढली.

नऊ घरं आली. वसंतदादा वाकोल्याहून स्वतःची खुर्ची घेऊन आला आणि आपल्या बांबूच्या दारात टाकून बसला. आक्काला मी टेम्पोतून आणलं, पुढच्या सीटवर. बबनचा ट्रक तोंडाशी आला. मला बघून बबननं आधी हात जोडले.

आत आला. टोकापर्यंत गेला. मी डोळे मिटले. शपथ, मिटले. इंजिनाचा आवाज डावीकडून पुढं गेला, पुढून उजवीकडे आला. डोळे उघडले तर ट्रकचं तोंड माझ्याकडे. एकदा पण मागं नाय. एक कनात हलली नाय, वाऱ्यानं सोडून. वळला गं शैले! कनातीचा दोष नव्हता. तू बरोबर होतीस. आता हे भांडण संपलं, आणि मला ते संपलेलं अजिबात आवडलेलं नाय.

साहेबांनी मान हलवली. बोलले, आमच्याकडून हरकत राहिली नाही, तसा रिमार्क लिहून फाइल वर पाठवतो, मंजुरी यायला वेळ लागेल पण अडण्यासारखं आता काही नाही. दादानं खुर्चीतून उठून टाळी वाजवली आणि लगेच परत बसला, कोणी जागा घेईल म्हणून.

मला राहवलं नाय. मी माइक घेऊन बरोबर त्या गोलाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. सुरू केलं, "शैला आज आपल्यात नाय, पण ह्या वळणावर..." साहेबांनी बबनला बोटानं खूण केली होती, एकदा उलट्या बाजूनं पण वळवून दाखवा म्हणून, आणि ट्रक माझ्या पाठीशी येऊन हॉर्न देत होता. मला वाटलं हा पण श्रद्धांजली वाहतोय. मी आणखी जोरात बोलायला लागलो, "ह्या वळणावर तिची आठवण कायम उभी राहील..."

तर आक्का टेम्पोतून खाली उतरली, काठी टेकत गोलापर्यंत आली, माझ्या हातातला माइक बाजूला केला आणि बोलली, "आठवन नंतर उभी कर. बंबाच्या वाटंत उभा हायेस तू, सरक आदी."